करारनाम्यांचा तयार संच: साचा चालतो, घात कोऱ्या जागांत होतो

छोट्या व्यवसायाला कायद्याचं कवच म्हणून करारनाम्यांचे जे तयार संच ऑनलाइन विकले जातात, त्यांचा ढाचा एव्हाना ठरून गेला आहे. पैसे भरायचे, दहा-पंधरा वर्ड फायली उतरवून घ्यायच्या, चौकोनी कंसातली नावं बदलायची आणि सह्या करायच्या. भागीदारीपत्र किंवा शेअरहोल्डर करार, एनडीए (गोपनीयतेचा करार), सेवा करार, फ्रीलान्सरचा करार, नेमणूकपत्र, पुरवठादाराचा करार, विक्रीच्या अटी, वेबसाइटच्या अटी आणि प्रायव्हसी पॉलिसी, एवढं जवळपास प्रत्येक संचात असतंच. म्हणून हे परीक्षण एखाद्या कंपनीच्या संचाचं नाही, या मालाच्या प्रकाराचंच आहे.

निकाल आधीच सांगून टाकू: घ्यायला हरकत नाही, पण नावं भरून सही ठोकायचा कागद म्हणून घेऊ नका. काय काय ठरवायला हवं त्याची यादी म्हणून घ्या. या संचांत मजकुराची गर्दी असते ती शेवटच्या पानांवर. नोटीस कुठे पाठवायची, एक कलम रद्द झालं तर बाकीची टिकतात का, अपरिहार्य परिस्थिती म्हणजे काय, असा तो मजकूर. ही कलमं सगळ्यांना सारखीच लागतात, म्हणून ती छापून विकता येतात. भांडण मात्र पेटतं ते काम नेमकं किती होतं, पैसे कधी द्यायचे, काम पसंत पडलं हे कुणी ठरवायचं आणि वेगळं व्हायचं तर कसं, यावरून. नेमक्या त्याच ठिकाणी संचात कोरी जागा असते.

सेवा करार: संचातला सगळ्यात कामाचा कागद, पण अर्धाच

छोट्या व्यवसायाचा रोजचा धोका भागीदाराच्या दगाबाजीपेक्षा थकलेल्या बिलाचा असतो. त्यामुळे संचातली पहिली उघडायची फाईल ही. तिच्यात ‘कामाचे स्वरूप’ असं शीर्षक आणि खाली रिकामी ओळ असते. तिथे ‘वेबसाइट तयार करणे’ किंवा ‘ऑफिसचे फर्निचर करून देणे’ एवढंच लिहिलं, की पुढचे सहा महिने ‘हे यात धरलेलंच होतं’ आणि ‘हे यात नव्हतंच’ यात जातात.

त्या ओळीत ‘परिशिष्ट अ पाहा’ लिहावं आणि परिशिष्टात मोजता येईल असं सगळं घालावं. वेबसाइटचंच उदाहरण घेऊ: पानं ८, भाषा २, डिझाइनचे पर्याय २, दुरुस्तीच्या फेऱ्या २. मजकूर आणि फोटो ग्राहक देणार, कामाला सुरुवात झाल्यापासून १० दिवसांत. होस्टिंग, डोमेनचं नूतनीकरण आणि वर्षभराची देखभाल यात नाही. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. काय मिळणार हे सगळेच लिहितात, काय मिळणार नाही हे लिहायला लाजतात. ग्राहकाने मजकूर उशिरा दिला तर मुदत तेवढ्याच दिवसांनी पुढे जाईल, हेही इथेच लिहायचं. बऱ्याच साच्यांत उशिराचा दंड फक्त काम करणाऱ्याला असतो आणि ग्राहकाच्या उशिराचा उल्लेखही नसतो.

आता ज्या कलमावर सर्वात जास्त पैसे अडकतात ते जवळून पाहू. साच्यात ते साधारण असं असतं:

‘ग्राहकाच्या समाधानानुसार काम पूर्ण झाल्यानंतर उर्वरित रक्कम अदा करण्यात येईल.’

वाचायला सभ्य वाक्य. पण समाधान कधी होणार, त्याला मुदत किती, ते कशावरून कळणार, यातलं काहीच त्यात नाही. ग्राहक गप्प बसला तर रक्कम देय झाली असं ठामपणे म्हणता येत नाही, आणि देय तारीख नाही म्हणून व्याजही मोजता येत नाही. त्याऐवजी असं लिहा:

‘काम सुपूर्द केल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने परिशिष्ट अ मधील बाबींशी न जुळणाऱ्या त्रुटींची लेखी यादी दिली नाही, किंवा काम प्रत्यक्ष वापरात घेतले, तर काम स्वीकारले गेले असे मानण्यात येईल. स्वीकाराच्या तारखेपासून १५ दिवसांत उर्वरित रक्कम देय होईल.’

यात चार गोष्टी आल्या: मुदत, लेखी यादी, तुलना कशाशी करायची ते, आणि वापर सुरू केला म्हणजे स्वीकार. भारताच्या २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यातही हीच कल्पना आहे. माल किंवा सेवा पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ती स्वीकारली असं कायदा धरून चालतो. त्याच कायद्याच्या कलम १५ नुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला पैसे देण्याची ठरवलेली मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. युरोपीय संघाच्या २०११ च्या विलंबित देयकांच्या निर्देशात व्यवसाया-व्यवसायांतल्या व्यवहाराला सर्वसाधारण मर्यादा ६० दिवसांची आहे आणि व्याज मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दराच्या वर किमान ८ टक्के-अंकांचं. संचातल्या कागदावर मात्र अनेकदा ‘९० दिवस’ असं बिनधास्त छापलेलं दिसतं, कारण तो साचा मोठ्या खरेदीदाराच्या करारावरून उचललेला असतो. साचा मुळात कुणाच्या बाजूने लिहिला होता, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे देयकाची मुदत आणि करार रद्द करण्याचा हक्क. दोन्ही एकाच बाजूला झुकलेले दिसले, की बाकीचाही कागद त्याच बाजूचा असतो.

हप्ते कसे पाडायचे यावर संच काही बोलत नाहीत. ५०-५० ही सवय वाईट. शेवटचे ५० टक्के अशा वेळी मागायचे असतात, जेव्हा काम ग्राहकाच्या हातात गेलेलं असतं आणि तुमच्या हातात काहीच उरलेलं नसतं. ४०-३०-२०-१० असे चार टप्पे करा. प्रत्येक टप्पा डोळ्यांनी दिसेल अशा गोष्टीशी बांधा आणि शेवटचा एवढा लहान ठेवा की बुडाला तरी नफ्यातून जाईल, भांडवलातून नाही.

सोबत एक ओळ हवीच: बिल देय तारखेनंतर १५ दिवस थकलं तर लेखी नोटीस देऊन काम थांबवता येईल, आणि तेवढ्याने करारभंग होणार नाही. ही ओळ नसताना रागाच्या भरात काम थांबवलं, तर समोरचा वकील ‘करार आधी तुम्हीच मोडलात’ म्हणून उभा राहतो. आणि थकबाकीदाराची बाजू अचानक भक्कम होते.

कामाच्या मधेच ‘एवढं जरा करून द्या ना’ येणारच. त्यासाठी अर्ध्या पानाचा बदल-आदेशाचा नमुना संचात असेल तर त्या संचाला आमच्याकडून एक तारा जास्त. तीनच रकाने पुरतात: काय बदल, किती पैसे, किती दिवस. ‘होय, मंजूर’ असं ई-मेलवर आलेलं उत्तर लेखी संमती धरली जाईल, हे मूळ करारात लिहिलेलं असावं. पण ‘बदल दोघांच्या सहीच्या लेखी कागदानेच’ असं कलम साच्यात शेवटी कुठेतरी असतंच, आणि मग ही दोन कलमं एकमेकांना छेदतात. तो विरोध आधी काढून टाकायचा.

नुकसानभरपाईची कमाल मर्यादा हे कलम विकणाऱ्या बाजूने सोडू नये. मागच्या १२ महिन्यांत या करारापोटी मिळालेल्या शुल्काएवढी मर्यादा ही सर्रास चालणारी पद्धत आहे. ती नसेल तर छोट्याशा कामापायी ग्राहकाच्या बुडालेल्या धंद्याचा सगळा दावा अंगावर येऊ शकतो. मात्र साच्यात ‘कोणत्याही परिस्थितीत कोणतीही जबाबदारी राहणार नाही’ असं लिहिलेलं असेल तर खूश होऊ नका. ब्रिटनच्या १९७७ च्या अनफेअर काँट्रॅक्ट टर्म्स ॲक्टप्रमाणे निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी कुठल्याही करारातून झटकता येत नाही. सगळंच नाकारणारं कलम न्यायालयात आख्खं उडण्याची भीती असते. मर्यादा घातलेलं कलम टिकण्याची शक्यता त्यापेक्षा बरीच जास्त.

फ्रीलान्सरचा करार: काम कुणाचं?

पैसे दिले म्हणजे लोगो, कोड, लेख आपला झाला, हा समज सगळीकडे सारखाच चुकीचा आहे. नोकरीतल्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून केलेलं लिखाण किंवा प्रोग्रॅम साधारणपणे मालकाचा ठरतो. बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्याला तो नियम लागू होत नाही. अमेरिकी साच्यांत त्यासाठी ‘वर्क मेड फॉर हायर’ (म्हणजे करून घेणाऱ्याच्याच मालकीचं ठरणारं काम) एवढे शब्द टाकून विषय संपवलेला असतो. पण बाहेरून करून घेतलेल्या कामासाठी तिथल्या कॉपीराइट कायद्यात त्या सवलतीचे फक्त ९ प्रकार दिले आहेत आणि साधं सॉफ्टवेअर सहसा त्यांत बसत नाही. म्हणजे वेगळं हस्तांतरणाचं कलम लागतंच.

भारतात वापरायचा असेल तर आणखी बारकावे आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सही केलेलं हवं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नाही तर हक्क फक्त भारतापुरता. आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर त्यापुरतं हस्तांतरण संपतं, करारात वेगळं ठरवलं नसेल तर. परदेशी संचातून आलेल्या साच्यात या तिन्हींपैकी एकही गोष्ट नसते. ‘संपूर्ण कॉपीराइट कालावधीसाठी, जगभरासाठी, आणि कलम १९(४) लागू न करता’ एवढे शब्द घातले की काम होतं. वाईट वाटतं ते हे, की ‘भारतासाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही संचांतही ते नसतात.

क्रियापदही तपासा. ‘हक्क हस्तांतरित करण्याचे मान्य करतो’ हे पुढे कधीतरी देण्याचं वचन झालं. ‘याद्वारे हस्तांतरित करतो’ म्हटलं की हक्क तिथेच गेला. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि रोश यांच्यातल्या खटल्यात हाच फरक विद्यापीठाला भोवला. संशोधकाने विद्यापीठाला पहिल्या प्रकारचं वचन दिलं होतं, दुसऱ्या कंपनीला दुसऱ्या प्रकारचं. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनही स्टॅनफर्ड हरलं.

हस्तांतरण कधी होणार, यात दोन्ही बाजूंचं हित वेगळं आहे. तुम्ही काम करून देणारे असाल तर ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर’ लिहा. करून घेणारे असाल तर ‘काम तयार होताच’. साचा यातला कुठलातरी एक पर्याय गुपचूप निवडून बसलेला असतो. फ्रीलान्सर आपल्या जुन्या कामातले तुकडे, विकत घेतलेले फॉन्ट किंवा ओपन सोर्स कोड वापरणार असेल, तर त्याची यादी आणि वापराचा परवाना वेगळा लिहून घ्यायचा. जे त्याचंच नाही, ते तो तुमच्या नावावर करू शकत नाही.

भागीदारीपत्र: इथे साचा सर्वात दुबळा

भागीदारीपत्र नसलं तरी भागीदारी असते, फक्त ती कायद्याने ठरवलेल्या अटींवर चालते. भारताच्या १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम १३ आणि ब्रिटनच्या १८९० च्या कायद्याचं कलम २४ एकच सांगतात: वेगळं ठरलं नसेल तर नफा-तोटा समान वाटायचा, भांडवल कुणी किती घातलं याचा संबंध नाही. एकाने ९० टक्के पैसे घातले आणि दुसऱ्याने फक्त कष्ट, तरी निम्मं-निम्मं. भागीदाराच्या मृत्यूनंतर भागीदारी विसर्जित होते, हाही दोन्हीकडचा मूळ नियम. करारात ‘उरलेले भागीदार व्यवसाय पुढे चालवतील’ असं असेल तरच तो टळतो. भारतात फर्मची नोंदणी केली नसेल तर कलम ६९ मुळे करारातल्या हक्कासाठी तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. उधारी वसूल करायची वेळ येते तेव्हा ही गोष्ट कळते.

संचातली भागीदारीपत्रं प्रवेशाबद्दल भरभरून बोलतात: नाव, पत्ता, भांडवल, नफ्याचं प्रमाण, बँक खातं कोण चालवणार. बाहेर पडण्याबद्दल एक परिच्छेद, तोही ‘भागीदारांनी परस्पर संमतीने ठरवावे’ अशा सुराचा. परस्पर संमती संपते म्हणून तर माणूस बाहेर पडतो!

या फाईलमध्ये चार गोष्टी स्वतः घालाव्या लागतात.

पहिली म्हणजे हिस्सा हळूहळू पक्का होणं, ज्याला व्हेस्टिंग म्हणतात. कंपनी असेल तर शेअरहोल्डर करारात याची रूढ पद्धत ४८ महिन्यांची आहे: पहिले १२ महिने काहीच पक्कं नाही, १२ महिने पूर्ण होताच एक चतुर्थांश, पुढे दर महिन्याला १/४८. ४० टक्के हिस्सा ठरलेला सहकारी १८ महिन्यांनी निघाला तर त्याच्याकडे ४० चे १८/४८, म्हणजे १५ टक्के राहतात आणि उरलेले २५ टक्के परत येतात. ११ व्या महिन्यात निघाला तर शून्य. हे कलम नसेल तर दोन महिने काम करून गेलेला माणूस ४० टक्क्यांचा मालक म्हणून कायम राहतो आणि पुढे गुंतवणूकदार त्याच एका नावावर अडतो.

दुसरी, बाहेर पडणाऱ्याच्या हिश्शाची किंमत. साच्यात ‘वाजवी मूल्य’ एवढेच शब्द असतात, आणि ‘वाजवी’चे दोन आकडे दोन भागीदारांकडे तयारच असतात. सूत्र लिहा: मागच्या ३ वर्षांच्या करोत्तर नफ्याची सरासरी, गुणिले आधी ठरवलेला आकडा, वजा कर्ज. सूत्र नको असेल तर मूल्य ठरवणारा स्वतंत्र लेखापाल कोण नेमणार, त्याची फी कोण देणार आणि त्याचा आकडा दोघांवर बंधनकारक आहे का, हे लिहा. रक्कम एकदम द्यायची सक्ती ठेवली तर चालू व्यवसायातली रोकड संपते, म्हणून १२ ते २४ मासिक हप्ते ठेवा. राजीखुशीने निघणारा आणि अफरातफर करून निघणारा, दोघांना एकच भाव नसावा.

तिसरी, ५०-५० असेल तर अडवणुकीचा उपाय. पायऱ्या मुदतीसह: लेखी मुद्दा मांडल्यावर १० दिवसांत बैठक, मग ३० दिवस मध्यस्थ, तरी सुटलं नाही तर खरेदी-विक्रीचं कलम. एकाने भाव सांगायचा, दुसऱ्याने त्याच भावाने विकायचं की विकत घ्यायचं ते निवडायचं. भाव सांगणारा खोटा भाव सांगू शकत नाही, म्हणून ते न्याय्य वाटतं. पण एक भागीदार पैसेवाला आणि दुसरा कष्टाचा असेल तर हे कलम पैसेवाल्याचं हत्यार होतं: दुसऱ्याकडे रोकड नाही हे पाहून तो मुद्दाम कमी भाव सांगतो. पैसे उभे करायला ९० दिवस आणि भावाला वरच्या सूत्राचा तळ, असे दोन अडसर घातले तरच ते ठेवावं.

चौथी गोष्ट छोटी: कोणते निर्णय एकट्याने घ्यायचे नाहीत त्यांची यादी, रकमेच्या मर्यादेसह. कर्ज, वैयक्तिक हमी, भाडेकरार, नातेवाइकाची नेमणूक.

एनडीए आणि स्पर्धाबंदी

एनडीए हा संचातला सर्वात लांब आणि बहुतेकांना सर्वात कमी उपयोगी पडणारा कागद. तो चांगला लिहिलेला असतो, हे मान्य. गोपनीय म्हणजे काय, कोणती माहिती त्यातून वगळली, मुदत (२ ते ५ वर्षं), कागद परत करणं, एवढं तपासलं आणि तो एकतर्फी आहे की दुतर्फी हे पाहिलं की पुरे. पण नुसत्या सहीने गुपित सांभाळलं जात नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेवरच्या ट्रिप्स करारातल्या कलम ३९ प्रमाणे माहिती गुप्त हवी, गुप्त असल्यामुळे तिला व्यापारी किंमत हवी आणि ती गुप्त ठेवायला मालकाने वाजवी उपाय केलेले हवेत. किंमतपत्रक ऑफिसातल्या सगळ्यांच्या फोनवर फिरत असेल तर नऊ पानांचा एनडीए काही करू शकत नाही.

नेमणूकपत्रातली ‘नोकरी सोडल्यावर २ वर्षं स्पर्धकाकडे काम करणार नाही’ ही ओळ पाहून मालक निश्चिंत होतो. भारताच्या १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी रद्दबातल आहे. त्याच कलमात दिलेला अपवाद धंद्याचं गुडविल (बाजारातलं नाव) विकणाऱ्यापुरता. कॅलिफोर्नियातही असाच कडक नियम आहे आणि गंमत म्हणजे त्याचं मूळही १८७२ चंच. इंग्लंडमध्ये मात्र वाजवी मर्यादेतली बंदी टिकू शकते. एकच साचा तिन्हीकडे विकणाऱ्याने निदान तळटीप तरी द्यायला हवी होती. जिथे ही बंदी टिकत नाही तिथे गोपनीयता आणि पुरेसा लांब नोटीस कालावधी यांवर भर द्या. आपले ग्राहक फोडू नयेत अशी मर्यादित अट घालता येते का, हे स्थानिक वकिलाला विचारूनच घाला. कॅलिफोर्नियात तीही अडचणीची ठरते.

पुरवठा, दंड आणि ‘अपरिहार्य परिस्थिती’

मालाच्या व्यवहारात काही ठिकाणी साचा तपासा. ‘एफओबी’ किंवा ‘सीआयएफ’ (जहाजाने माल पाठवण्याच्या ठरीव संज्ञा) लिहिलं असेल तर बंदराचं नाव आणि ‘इनकोटर्म्स २०२०’ (अशा संज्ञांची आंतरराष्ट्रीय नियमावली) हे वर्षासह लिहा. त्या ११ संज्ञा धोका आणि खर्च कुठे सरकतो ते सांगतात. मालकी कधी जाते हे त्या सांगत नाहीत. उधारीवर विकत असाल तर ‘पूर्ण रक्कम मिळेपर्यंत मालकी विक्रेत्याची’ ही ओळ वेगळी घाला. इंग्लंडमधल्या १९७६ च्या रोमाल्पा खटल्यामुळे ती प्रसिद्ध झाली. तिचा फायदा ग्राहक दिवाळखोरीत गेला तर होतो, पण माल ओळखता येईल असा वेगळा असला पाहिजे; कापड कापून शर्ट शिवले की दावा लंगडा पडतो.

देशाबाहेर माल विकताना १९८० चा संयुक्त राष्ट्रांचा व्हिएन्ना विक्री करार लक्षात ठेवा. अमेरिका आणि चीन त्यात आहेत, भारत आणि ब्रिटन नाहीत. दोन्ही पक्षांचे देश सदस्य असतील तर तो आपोआप लागू होतो. नको असेल तर स्पष्ट वगळावा लागतो. ‘कॅलिफोर्नियाचा कायदा लागू’ एवढं लिहून तो वगळला जात नाही.

उशिराचा दंड घसघशीत लिहिला की समोरचा घाबरेल, ही आशा फोल आहे. भारतात करार कायद्याच्या कलम ७४ खाली न्यायालय लिहिलेल्या रकमेच्या आत, वाजवी तेवढीच भरपाई देतं. इंग्लंडमध्ये २०१५ च्या कॅव्हेंडिश निकालापासून पाहतात ते हे, की रक्कम तुमच्या रास्त हिताच्या मानाने अवाच्या सवा आहे का. आठवड्याला अर्धा ते एक टक्का आणि एकूण मर्यादा १० टक्के, असं काहीतरी ठेवलं तर ते पटवून देता येतं.

अपरिहार्य परिस्थितीचं कलम म्हणजे आपल्या हाताबाहेरच्या घटनेमुळे काम अडलं तर मिळणारी सवलत. त्यातली यादी लांबलचक असते, पण दोन गोष्टी हमखास राहतात: झालेल्या कामाचे पैसे देणं या सवलतीत बसत नाही, आणि परिस्थिती किती दिवस टिकली तर करार संपवता येईल. आंतरराष्ट्रीय चेंबर ऑफ कॉमर्सच्या २०२० च्या नमुना कलमात ही मुदत १२० दिवसांची आहे. छोट्या कामाला ती फार होते, ३० किंवा ६० ठेवा. इंग्लिश कायद्यात ही सवलत आपोआप मिळत नाही, कलमात लिहिली तेवढीच मिळते.

वाद कुठे सोडवायचा

लवादाचं कलम (न्यायालयाऐवजी पक्षांनी नेमलेल्या व्यक्तीकडून निवाडा घेण्याचं) बहुतेक संचांत मोठ्या कंपन्यांच्या करारातून जसंच्या तसं आलेलं असतं: ३ लवाद, महागडी संस्था, दूरची राजधानी. दाव्याच्या रकमेपेक्षा लवादांची फी जास्त होईल अशी ही व्यवस्था. एकच लवाद, त्याला कोण नेमणार, कार्यवाहीची भाषा आणि कायदेशीर आसन (कुठल्या ठिकाणच्या कायद्याखाली लवाद चालेल) कुठलं, या चार गोष्टी भरल्या नाहीत तर लवाद नेमण्यासाठीच आधी न्यायालयात जावं लागतं. ‘वाद लवादाकडे नेता येईल’ असं ढिलं लिहू नका, ‘नेला जाईल’ लिहा. आणि त्याच कागदात पुढे ‘अमुक न्यायालयालाच अधिकार राहील’ असं कलम उरलेलं नाही ना, पाहा. समोरचा परदेशात असेल तर लवाद फायद्याचा, कारण १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे निवाडा १७० हून जास्त देशांत अंमलात आणता येतो. दोघं एकाच शहरातले आणि रक्कम लहान असेल तर मध्यस्थी आणि मग स्थानिक न्यायालय पुरतं.

वेबसाइटच्या अटी चालून जातात. प्रायव्हसी पॉलिसी मात्र कुठूनही उचलू नका. जे तुम्ही करत नाही ते करता असं छापणं हाच तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरू शकतो. युरोपातल्या ग्राहकांची माहिती दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवत असाल तर जीडीपीआर या तिथल्या माहिती-संरक्षण नियमाच्या कलम २८ प्रमाणे त्या कंपनीशी वेगळा लेखी करार लागतो. तो संचात सहसा नसतो.

घेताना आणि सही करताना

संच विकत घेण्याआधी विक्रेत्याच्या पानावर एवढं शोधा: कुठल्या देशाच्या कायद्यावर लिहिला आहे, शेवटची सुधारणा कधीची, फायली बदलता येण्याजोग्या आहेत की नुसत्या पीडीएफ, आणि परवाना एका व्यवसायाला आहे की ग्राहकांनाही देता येतो. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर ‘जगभर चालतो’ असं असेल तर पुढे जाऊ नका. प्रत्येक कलमाखाली ते का आहे याची टीप देणारा सहा फायलींचा संच हा टीप नसलेल्या चाळीस फायलींपेक्षा कधीही चांगला. वकिलाकडे कोरा साचा नेऊ नका. परिशिष्टं, हप्ते आणि बाहेर पडण्याच्या अटी भरून न्या. त्याचा वेळ तपासण्यात जातो आणि बिल कमी येतं. भागीदारीपत्र, वैयक्तिक हमी असलेला कुठलाही कागद आणि मोठ्या ग्राहकाने पाठवलेला करार, हे तीन वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नयेत.

सहीच्या जागी व्यवसायाचं नोंदणीतलं पूर्ण नाव, मग ‘तर्फे’, मग माणसाचं नाव आणि हुद्दा. नुसती सही केली तर ती वैयक्तिक जबाबदारी होती की कंपनीची, यावर वाद घालता येतो. परिशिष्टांसह प्रत्येक पानावर दोघांची आद्याक्षरं; परिशिष्ट बदलून टाकल्याचे आरोप यानेच बंद होतात. तारीख सही करणाऱ्याने स्वतःच्या हाताने घालावी. ई-सही अमेरिकेत २००० च्या ई-साइन कायद्याने, युरोपीय संघात २०१४ च्या ईआयडास नियमाने आणि भारतात २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्य आहे, मृत्युपत्रासारखे काही कागद सोडून. भारतात मुद्रांक शुल्काची जादा पायरी आहे: पुरेसा मुद्रांक नसलेला करार, कमी पडलेलं शुल्क आणि दंड भरेपर्यंत, न्यायालयात पुरावा म्हणून घेतला जात नाही. ई-सहीने ही पायरी टळत नाही.

आपोआप नूतनीकरणाचं कलम असेल तर रद्द करण्याच्या नोटिशीची शेवटची तारीख सही केली त्याच दिवशी कॅलेंडरवर टाका, कारण ३० किंवा ६० दिवसांची ती खिडकी एकदा गेली की आणखी एक वर्ष बांधलं जातं.